इसार घेतलेला दिवस

कुंदा मावशी गेली हे मला शबनमनं फोनवर कळवलं, पण ‘गेली’ हा शब्द तिनं उच्चारला नाही. मी अमरावतीला कॉलेजच्या प्रयोगशाळेबाहेर, जर्नलवर सही घ्यायला उभ्या असलेल्या मुलींच्या रांगेत होते. शबनम म्हणजे मावशीच्या पार्लरमध्ये तिच्या हाताखाली शिकलेली, नंतर तिच्या बरोबरीनं काम करणारी मुलगी. ती एवढंच म्हणाली, “तू निंघ. जे बस भेटन ते पकड.” मी विचारलं, “दवाखान्यात नेलं का?” ती म्हणाली, “नाही... आता नाही न्यायचं.” मग मला कळलं. जर्नल तसंच पिशवीत टाकून मी निघाले. बडनेरा मागे पडलं तोवर अकोल्याच्या बायकांच्या मोबाइलवर मावशीचा फोटो फिरायला लागला होता. तो कुठल्या तरी नवरीसोबतच्या फोटोतून कापून घेतलेला होता, कारण मावशीच्या खांद्यावर हिरव्या चुड्याचा एक हात तेवढा उरला होता. खाली लिहिलं होतं, ‘मनानं मोठ्या असलेल्या कुंदाताई. पैशाला त्यांनी कधीच महत्त्व दिलं नाही.’ त्याखाली जोडलेल्या हातांची चिन्हं येत राहिली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी ती पाहत होते, नंतर फोन बंद करून टाकला.

त्या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. आमच्या घरातून छापायला काही पाठवणारी मी पहिलीच, त्यामुळे असं लिहिण्याची रीत मला नीट माहीत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं, एवढं माहीत आहे. पण त्या वाक्यात चांगलं काहीच नव्हतं. माझ्या मावशीनं पैशाला महत्त्व दिलं होतं. तिनं कामाआधी पैसे मागितले, तोंडावर मागितले, आणि त्यासाठी याच बायकांकडून बोलणी खाल्ली. ती गेल्यावर मात्र सगळ्यांनी मिळून तिला उदार करून टाकलं. उदार बाईबद्दल कुणाच्या मनाला काही लागून राहत नाही, म्हणून असेल कदाचित.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न लवकरच मोडलं, तशी ती अकोल्याला जुन्या शहरात एक पुढची खोली भाड्यानं घेऊन राहिली आणि तिथंच तिनं पार्लर टाकलं. एक आरसा, एक खुर्ची, भिंतीवर बुद्धाची तसबीर, मागं पडदा आणि पडद्यामागं तिचं घर. माझी आई नांदगाव पेठला कपड्याच्या कारखान्यात शिवणकामाला जाते, तिला सुट्टी मिळायची नाही, म्हणून शाळेपासूनच माझ्या दिवाळीच्या सुट्ट्या मावशीकडे जायच्या. दिवाळीचा आठवडा म्हणजे तिचा हंगाम. पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या लेकी-सुना गावी यायच्या, प्रत्येकीला पाडव्याच्या आत फेशियल करून हवं असायचं, आणि लगेच पुढं तुळशीच्या लग्नानंतर नवऱ्या सुरू. बायका फोन करून वेळ सांगायच्या, मावशी ती वेळ राखून ठेवायची, दारात आलेल्या दुसऱ्या बाईला परत पाठवायची, आणि जिच्यासाठी परत पाठवलं ती यायचीच नाही. विचारलं तर म्हणायच्या, “अवो, पाहुणे आले न,” नाहीतर “घरीच लावलं बेसन.” एका दिवाळीत मावशी सबंध दुपार रिकाम्या खुर्चीशेजारी उभी होती, आणि त्याच दुपारी तिनं दारावरून किती बायकांना परत लावलं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या संध्याकाळी ती म्हणाली, “आतापासून इसार घ्यायचा.”

इसार हा शब्द मी तोवर फक्त आबांच्या तोंडी ऐकला होता. आबा, म्हणजे आई-मावशीचे वडील, बैलबाजारात सौदे जमवून द्यायचे. सौदा ठरला की घेणाऱ्यानं थोडे पैसे विकणाऱ्याच्या हातावर ठेवायचे, तो इसार. घेणाऱ्यानं सौदा मोडला तर इसार बुडाला. विकणाऱ्यानं मोडला तर त्यानं दुप्पट परत करायचा. आणि एकदा इसार घेतला की तो बैल दुसऱ्या कुणाला दाखवायचासुद्धा नाही. मी तेव्हा बारावीत होते आणि मावशीच्या मोबाइलवरून गिऱ्हाइकांना पाठवायचा निरोप मीच लिहून देणार होते. मी शुद्ध मराठीत लिहिलं, ‘वेळ राखून ठेवण्यासाठी आगाऊ रक्कम द्यावी.’ मावशीनं वाचलं आणि ती हसायलाच लागली. “आगाऊ? आगाऊ तं तू हायेस पोट्टे. इसार लिह्य.” मी म्हटलं, मग ॲडव्हान्स लिहू या, सगळीकडे तेच म्हणतात. ती म्हणाली, “ॲडव्हान्स घेतला म्हंजे त्यायचे पैसे माह्यापाशी आले, बस. इसार घेतला म्हंजे मीबी बांधल्या गेली. दोघंबी बांधल्या गेले पायजेत न.” मी इसार लिहिलं. त्या वेळी मला ते गावंढळ वाटलं होतं, पण तिचा मोबाइल, तिचं पार्लर... मी काय बोलणार?

निरोप गेला आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गल्लीतल्या एक काकू पार्लरमध्ये येऊन उभ्या राहिल्या. “काय व कुंदे, इसार? मी काय तुह्याकडून बैल घेऊन राहिली काय?”

मावशी कुणाची तरी भुवई करत होती. दातात धरलेला दोरा तिनं सोडला नाही, तसंच म्हणाली, “बैल असता तं काकू, दात उघडून दाखवले असते तुमाले.”

खुर्चीतली बाई इतकी हसली की भुवई जराशी बिघडली. काकूही हसल्या, पण त्यांनी त्या दिवशी इसार दिला नाही, आणि गल्लीत मावशीचं नाव ‘इसारवाली’ पडलं. “इसारवालीकडे जाऊन येते.” “हात लावायच्या आधी हात पुढं करते बापा थे.” हे सगळं मावशीच्या कानावर यायचं. ती म्हणायची, “म्हनू दे. येतात तं वेळेवर.” आणि खरंच यायच्या. पुढच्या दोन-तीन दिवाळ्या मी तिला जसं पाहिलं तसं आधी कधीच पाहिलं नव्हतं. ती दुपारी बसून जेवायची. शबनमला तिनं महिन्याचा पगार बांधून दिला. ज्या दिवसाचा एखाद्या नवरीसाठी इसार घेतला असेल त्या दिवशी ती दुसरं कुठलंच काम धरायची नाही, अगदी ओठावरची लव काढायलाही नाही. शबनम कुरकुरायची, “दीदी, दहा मिनटाचं काम आहे, करून देतो न.” मावशी म्हणायची, “आज मी विकल्या गेली.” असं म्हणून ती स्वतःच हसायची. तिच्या दाढेत एक चांदी भरलेली होती, हसताना ती दिसायची. ब्रशांचा डबा उघडून एकेक ब्रश ती टॉवेलवर मांडायची, ते पाहायला मला आवडायचं. घाई नसलेलं काम मी आमच्या घरात दुसऱ्या कुणाचं पाहिलं नव्हतं.

मागच्या वर्षी पावसाळ्यातच ती वाळायला लागली होती. पोट मात्र फुगल्यासारखं दिसायचं. आईनं मागं लागून डॉक्टरांकडे नेलं, तिथून नागपूरला पाठवलं, आणि नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यानं गाठ काढायची तारीख दिली. ती तारीख तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या मुहूर्तावर येत होती. आणि त्या मुहूर्ताचा इसार मावशीनं आधीच घेतलेला होता. अकोल्यातलंच एक बऱ्यापैकी घर, मोठी मुलगी, मंगल कार्यालय, सगळं ठरलेलं. आई तिला म्हणाली, “कुंदे, त्यायले फोन कर अन् सांग सरळ.” मी म्हटलं, “तुझाच नियम आहे ना? दुप्पट परत कर आणि मोकळी हो.” त्यावर ती म्हणाली, “दुप्पट देऊन मी मोकळी होईन पोट्टे. पोरगी कशी होईन? त्या दिवशी अख्ख्या अकोल्यात एक हात रिकामा नाही. तिनं कोनापाशी जावं?” आई रडली, भांडली, जेवली नाही. मावशीनं नागपूरला फोन करून पुढची तारीख मागितली. ती महिन्याहून लांबची मिळाली.

लग्नाच्या दिवशी मी अकोल्यातच होते. मावशी पहाटेच आंघोळ करून तयार झाली, ब्रश मांडले, पुन्हा डब्यात भरले, कारण कार्यालयात घेऊन जायला त्यांची गाडी येणार होती. गाडी आली नाही. शबनमनं फोन लावले, कुणी उचलेना. मावशी म्हणाली, “लग्नाचं घर हाये, कोन पाहते फोन.” ऊन दारातून आत येऊन खुर्चीच्या पायापर्यंत पोचलं तेव्हा मोबाइलवर निरोप आला. मावशीनं चष्मा लावला नव्हता, म्हणून मीच वाचून दाखवला. ‘ताई, मुलीच्या मैत्रिणीनं पुण्याहून मेकअप आर्टिस्ट सोबत आणली आहे. कळवायचं राहून गेलं. तुम्ही इसार ठेवून घ्या, काही हरकत नाही.’

मावशी म्हणाली, “पुना वाच.” मी पुन्हा वाचला. “काही हरकत नाही म्हनते? कोनाची हरकत नाही म्हनते थे?”

शबनमनं चहा ठेवला. तेवढ्यात एक बाई दारात आली, भाच्याच्या लग्नाला जायचं होतं, साडी नेसवून अंबाडा घालून हवा होता. शबनम उठली. मावशीनं खुर्चीवरून हात हलवला, “आज नाही बाई. आजचा इसार घेतला हाये.” ती बाई गेल्यावर शबनम चिडली. “दीदी, अब कौनसा इसार? वो लोग आनेवाले नहीं!” मावशी म्हणाली, “आले नाही तं नाही आले. दिवस तं त्यायनं घेतला न.” संध्याकाळपर्यंत ती तशीच बसून राहिली, चांगली साडी नेसून, केसात गजरा माळून. त्याच दिवशी नागपूरला तिच्या नावाची खाट ठरलेली होती, हे त्या खोलीत आम्हा तिघींनाही माहीत होतं.

मला त्या घराचा राग आहे, पण खरं सांगायचं तर मावशीचाही राग येतो. बाजाराच्या नियमात इसार बुडाला की हिशेब मिटतो. त्यांच्या लेखी तो मिटला. बैल राहिला तर तो दुसऱ्या बाजारात नेता येतो. दिवस कुठे नेणार? हे तिला समजत नव्हतं असं मला वाटत नाही. ती त्यांच्यासारखी वागू शकली नाही, एवढंच. आणि तशी ती वागली असती तर मला बरं वाटलं असतं का, हेही मी स्वतःला विचारून पाहते. बरं वाटलं असतं. ती खोटं बोलली असती, त्या मुलीला वाऱ्यावर सोडून नागपूरला गेली असती, तरी मला बरंच वाटलं असतं. हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

पुढं आम्ही नागपूरला गेलो तेव्हा भरती करायच्या खिडकीवर आधी डिपॉझिट भरायला सांगितलं. आईनं पदराच्या गाठीतून पैसे काढले. मावशी स्टूलवर बसली होती, तिथून मला म्हणाली, “हेबी इसारच घेऊन राहिले. इचार न त्याले, त्यायनं मोडला तं दुप्पट देतीन काय?” मी विचारलं नाही. खिडकीतल्या माणसानं ऐकलं होतं, पण त्यानं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेरगावी गेल्याचं कळलं आणि ऑपरेशन आणखी पुढं गेलं. उपाशीपोटी तयार ठेवलेली मावशी खाटेवर उठून बसली आणि माझ्याकडे पाहून तिनं फक्त भुवया उडवल्या. आम्हा दोघींना हसू आलं. आई रागावली, “काहून हासून राहिल्या व तुमी?” तिला सांगता येण्यासारखं ते नव्हतं.

गाठ काढली, पण ती पसरलेली होती. डॉक्टर नंतर म्हणाले, त्या महिन्या-दीड महिन्यानं फार फरक पडला असता असं सांगता येत नाही. पडला नसता असंही त्यांनी सांगितलं नाही. मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे, मला कळतं की याहून जास्त त्यांना सांगता येणार नव्हतं. तरी रोज कधीतरी मी त्या वाक्याच्या एका बाजूला जाऊन उभी राहते, मग दुसऱ्या. उन्हाळ्यात ती खुर्चीवर स्वतः बसायची आणि शबनमचे हात पाहायची, “जोर नको देऊ, चामडी हाये थे, कनिक नाही.” माझी परीक्षा होती तेव्हा मी पेपर सोडून तिच्याजवळ थांबते म्हटलं, तर म्हणाली, “येऊ नको. तू बसली माह्यापाशी तं मी बरी होतो काय? पेपर दे.” मी पेपर दिला. पावसाळा सरता सरता ती गेली.

ती गेल्यावर ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना झाल्यावर माणसं बोलत बसली होती, तेव्हा त्या नवरीची आई आली. चांगली, सभ्य बाई आहे, मी तिला वाईट म्हणत नाही. आईजवळ बसली, आईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “फार मोठ्या मनाची होती हो कुंदा. पैशाचं तिला काहीच नव्हतं. आमच्या वेळी पाहा ना, जमलं नाही, पण आम्हीही इसार परत मागितला नाही. म्हटलं राहू द्या, गरीब बाई आहे.” मी शेजारीच होते. माझ्या तोंडात सगळं आलं होतं... नागपूरची तारीख, ती खाट, तो गजरा. पण समोर पाहुणे होते, पांढऱ्या साड्यांतल्या बायका होत्या, आणि मला अशा वेळी बोलता येत नाही. आई म्हणाली, “चहा घ्या.” आणि आत जाऊन स्वतः चहा करून घेऊन आली. रात्री भांडी घासताना ती मला म्हणाली, “तिच्या चहात म्या साखर नाही टाकली.”

मी विचारलं, “मग? काही म्हणाल्या का?”

“काही नाही. पेली पुरी. चांगला झाला म्हने.”

आम्ही दोघी जरा वेळ हसलो, आणि मग आई भांड्यांवर वाकून इतकी रडली की मला नळ मोठा करावा लागला.

आता ती खोली शबनमनं घेतली आहे. भाड्याचं बोलणं झालं, पडद्यामागचं मावशीचं सामान आम्ही नेलं, तसबीर मात्र शबनमनं मागून घेतली. म्हणाली, “दीदी रोज पुसायची, मी बी पुसतो. राहू दे न इथंच.” मावशीचा मोबाइल नंबरही तिच्याकडेच चालू ठेवला आहे, कारण गिऱ्हाइकांना तोच पाठ आहे. दिवाळी तोंडावर आल्यामुळे तो सारखा वाजतो. गेल्या रविवारी मी राहिलेल्या दोन पेट्या न्यायला गेले होते. शबनम एकीच्या हाताला मेण लावत होती, म्हणून फोन मी उचलला. पलीकडची बाई नागपूरहून बोलत होती, दिवाळीनंतर पुतणीचं लग्न अकोल्याला होतं, आणि कधीकाळी तिचं स्वतःचं नवरीचं काम मावशीनंच केलं होतं. तिला काही कळलेलं नव्हतं. “कुंदाताईंचीच तारीख पाहिजे,” ती म्हणाली. मी म्हटलं, त्यांची तारीख मिळणार नाही. “दुसऱ्या कुणी घेतली का? मी जास्त इसार देते. दुप्पट देते, पण त्याच पाहिजेत.” शेवटी सांगितलं, “त्या वारल्या.”

“अरे देवा,” ती म्हणाली. “कधी हो? काय झालं होतं?” मी सांगितलं. ती खरंच हळहळली, आवाजावरून कळत होतं. मग तिनं विचारलं, “मग... त्या तारखेला तुमच्याकडे दुसरं कुणी आहे का?”

शबनमनं मेणाची सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि फोन माझ्याकडून घेतला. “मी आहो न बाई,” ती म्हणाली. “इसार पाठवा पहिले. अन् एक सांगून ठेवतो. सकाळी नऊ वाजेपर्यंत तुमची गाडी नाही आली तं मी शटर पाडून माह्या कामाले निंघून जाईन. मंग इसार ठेवून घ्या म्हनू नका मले. तुमचे पैसे तुमाले पोचते करीन, पन दिवस माहा.”

तिनं फोन ठेवला आणि खुर्चीतल्या बाईचा हात पुन्हा हातात घेतला. मेण तोवर घट्ट झालं होतं. ते परत गरम करायला ठेवून ती तशीच उभी राहिली, पाठमोरी, आणि मीही पेट्या उचलल्या नाहीत.